बर्फावरून घसरायचं नंतर, आधी चढायचं! छोट्या शिखरावरची ‘स्की टूर’ नेमकी असते तरी कशी?

डिसेंबर उजाडला की रील्समध्ये एक व्हिडिओ हमखास दिसतो. पांढराशुभ्र उतार, वर निळंशार आकाश आणि भुरभुरीत बर्फ उडवत, वळणं घेत खाली येणारा स्कीपटू. पंधरा सेकंदांत व्हिडिओ संपतो आणि बघणारा लगेच मित्राला टॅग करतो, “चल, यंदा जाऊ!”

पण तो माणूस मुळात वर पोहोचला कसा, हे त्या व्हिडिओत नसतं. काही ठिकाणी रोपवे असतो, तिकीट काढून वर जाता येतं. जिथे रोपवे नाही, तिथे तो पायाला तीच स्की बांधून तीन-चार तास डोंगर चढलेला असतो. यालाच ‘स्की टूरिंग’ म्हणतात. अख्ख्या दिवसात घसरण्याची मजा तास-दीड तासाची, बाकी सगळी चढाई.

कळमेश्वरच्या माणसासाठी डोंगर म्हणजे धापेवाड्याला विठोबाचं दर्शन घेतल्यावर गाठायची आदाशाची टेकडी. तिथे हिवाळ्यात स्वेटर घालून गेलं तरी वर पोहोचेपर्यंत तो काढून कमरेला बांधावा लागतो. मग बर्फातल्या डोंगराचं गणित एवढं वेगळं का असतं? आणि ‘छोटंसं शिखर’ म्हणून ज्याकडे बघितलं जातं, तिथेच अनुभवी स्कीपटूंचे जीव का जातात?

नागपूर जिल्ह्यात एवढी थंडी, मग बर्फ का पडत नाही?

थंडीच्या बाबतीत विदर्भ काही मागे नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत घसरला होता. कळमेश्वर, काटोल, सावनेर पट्ट्यात शेतात पहाटे दहिवर पडतं, क्वचित त्याचा पातळ बर्फही होतो. पण आकाशातून हिमवर्षाव होत नाही.

कारण बर्फ पडायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात, थंडी आणि ओलावा. विदर्भात कडाक्याची थंडी पडते तेव्हा आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. जमिनीतली उष्णता रात्री थेट वर निघून जाते, म्हणून पहाट गारठते. ढग आले की तीच उष्णता अडते आणि रात्र उबदार होते. म्हणजे थंडी असते तेव्हा ढग नसतात आणि ढग असतात तेव्हा थंडी नसते.

दुसरा मुद्दा उंचीचा. वर जाताना दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी कमी होतं. कळमेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण सव्वातीनशे मीटरवर आहे. जानेवारीत दुपारी इथे २८ अंश असेल, तर शून्य अंश गाठायला आणखी सव्वाचार किलोमीटर वर जावं लागेल. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर. त्यामुळे स्कीसाठी लागणारा बर्फ राज्यात कुठेच साचत नाही.

गुलमर्गचा बर्फ आणि काटोलची गारपीट

तरीही काश्मीरच्या बर्फाशी विदर्भाचं एक नातं आहे. ‘वेस्टर्न डिस्टर्बन्स’ म्हणजेच पश्चिमी झंझावात हा शब्द हिवाळ्यात हवामानाच्या बातम्यांत सतत ऐकू येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने वाऱ्यांच्या या प्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडून भारतात येतात. हिमालयाला धडकल्या की काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडात बर्फवृष्टी होते.

त्याच प्रणालीचा प्रभाव दक्षिणेकडे पोहोचला आणि त्याला बंगालच्या उपसागरावरून आलेल्या बाष्पाची साथ मिळाली, की मध्य भारतात विजांसह अवकाळी पाऊस होतो, गारा पडतात. कळमेश्वर-काटोल-नरखेड पट्ट्यातला संत्रा बागायतदार आणि गहू-हरभऱ्याचा शेतकरी ज्या ढगांकडे धास्तीने बघतो, तीच प्रणाली गुलमर्गच्या हॉटेलवाल्याला हवी असते.

ती आली नाही तर काय होतं, हे जानेवारी २०२४ मध्ये दिसलं. ऐन हंगामात गुलमर्गचे उतार जवळपास उघडे पडले होते आणि पर्यटक पिवळ्या गवतावर फोटो काढत होते. पुढे फेब्रुवारीत मात्र जोरदार बर्फ पडला.

स्की लावून चढता येतं, घसरत नाही का?

स्की म्हणजे मुळात दोन लांब, गुळगुळीत फळ्या. ‘स्की’ हा शब्दही नॉर्वेकडच्या जुन्या भाषेतला, अर्थ ‘चिरलेलं लाकूड’. उत्तर युरोप आणि आशियातले लोक हजारो वर्षांपूर्वी शिकारीसाठी, प्रवासासाठी असल्या फळ्या वापरत. म्हणजे स्कीचा जन्म खेळ म्हणून नाही, तर बर्फात चालायचं साधन म्हणून झाला. १८८८ मध्ये नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी स्कीवरून ग्रीनलँडचं बर्फाळ पठार ओलांडलं आणि जगभरात स्कीबद्दल कुतूहल वाढलं.

आता गुळगुळीत फळीवरून चढायचं कसं? त्यासाठी तीन गोष्टी लागतात.

१. स्किन: स्कीच्या तळाला चिकटवायची ही लांब पट्टी असते. मांजराच्या पाठीवरून शेपटीच्या दिशेने हात फिरवला तर तो सहज सरकतो, उलट फिरवला तर केस अडतात. स्किनचं तत्त्व अगदी तेच आहे. स्की पुढे सरकते, पण मागे घसरायला लागली की केस बर्फात रुततात. पूर्वी यासाठी सील माशाचं कातडं वापरत (‘मासा’ म्हणत असले तरी सील हा सस्तन प्राणी), म्हणून नाव ‘स्किन’. आता नायलॉन किंवा मोहेर म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांपासून या पट्ट्या बनतात.

२. टाच मोकळी ठेवणारं बाइंडिंग: बूट स्कीला जोडणाऱ्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. साध्या स्कीत बूट पुढून-मागून घट्ट बसतो. टूरिंगच्या बाइंडिंगमध्ये चढताना फक्त बुटाचा पुढचा भाग अडकतो आणि टाच उचलता येते. उतरताना टाचही लॉक होते. १९८०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी दोन बारीक पिनांवर चालणारं हलकं बाइंडिंग तयार केलं. आजची बरीचशी बाइंडिंग त्याच कल्पनेवर बेतलेली आहेत.

३. दुहेरी बूट: चढताना घोट्यापाशी सैल आणि खटका दाबला की उतरताना कडक होणारा बूट.

माथ्यावर पोहोचलं की स्किन काढायच्या, घडी करून जॅकेटच्या आत ठेवायच्या (बाहेर राहिल्या तर डिंक गोठतो आणि पुन्हा चिकटत नाही), टाच लॉक करायची आणि उतरायला लागायचं.

ही चढ-उतार आता ऑलिम्पिकमध्येही आहे. ‘स्की माउंटेनिअरिंग’ या खेळाला २०२६ च्या मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात पहिल्यांदा स्थान मिळालं.

किती वेळ लागेल? एक सोपा हिशोब

“दिसतंय की समोरच, तासाभरात जाऊ,” हा अंदाज बर्फात साफ चुकतो. वेळ काढण्यासाठी स्वित्झर्लंडचे गिर्यारोहक वेर्नर मुंटर यांचं सूत्र जगभर वापरलं जातं.

एक किलोमीटर अंतर म्हणजे १ गुण. शंभर मीटर चढ म्हणजेही १ गुण. दोन्हींची बेरीज करायची आणि चढताना ४ ने भागायची. उत्तर तासांत मिळतं.

समजा शिखर ४ किलोमीटर लांब आणि ८०० मीटर उंच आहे. अंतराचे ४ गुण आणि चढाचे ८, एकूण १२. भागिले ४, म्हणजे ३ तास. स्कीवर उतरताना तीच बेरीज १० ने भागायची, म्हणजे साधारण सव्वा तास. यात जेवण, फोटो, थांबणं धरलेलं नाही. नव्या माणसाला याहून जास्तच वेळ लागतो.

चढही सरळ नसतो. घाटातल्या रस्त्यासारखी नागमोडी वळणं घेत जावं लागतं. दर वळणावर एक स्की उचलून उलट्या दिशेला फिरवायची आणि मग दुसरी. याला ‘किक टर्न’ म्हणतात. नवशिक्यांचा अर्धा दम इथेच जातो.

भारतात हे कुठे चालतं?

सर्वात मोठं नाव गुलमर्ग. इथे १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली. गाव साधारण २,६५० मीटरवर आहे. गंडोला रोपवेचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो आणि २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर नेतो. तिथून पुढे स्किन लावून कड्याच्या धारेवर किंवा बाजूच्या दऱ्यांकडे जाता येतं.

याशिवाय उत्तराखंडात औली आणि हिमाचलमध्ये सोलंग, नारकंडा ही शिकण्यासाठीची जुनी ठिकाणं. महाराष्ट्रातले ट्रेकर ज्या हिवाळी शिखराला सर्वाधिक ओळखतात, ते उत्तरकाशी जिल्ह्यातलं केदारकंठा. सांकरी गावातून चढाई सुरू होते, उंची साधारण ३,८०० मीटर. तिथे बहुतेक जण बुटांना काटेरी साखळी लावून चालतच जातात.

हिमालयाच्या मानाने ही सगळी शिखरं छोटी. सात-आठ हजार मीटरच्या पर्वतांपुढे अफरवट किंवा केदारकंठा कोण मोजतो? फसगत इथूनच सुरू होते.

डोंगर छोटा असला, तरी उतार छोटा नसतो

हिमस्खलन शिखराची उंची बघून होत नाही. त्याला लागतो तो उताराचा कोन. बहुतांश धोकादायक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. घरातला जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. म्हणजे जिन्याइतका तिरका, शंभर-दोनशे मीटर उंचीचा एक उतार जीव घ्यायला पुरतो. आणि स्कीसाठी मजेशीर वाटणारा उतारही नेमका याच कोनातला!

दुसरी गोष्ट लागते कमकुवत थर. बर्फ एकसंध दिसला तरी तो थरांचा बनलेला असतो. थोडा बर्फ पडून पुढे बरेच दिवस कोरडी, कडाक्याची थंडी राहिली तर खालच्या थराचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. मग एके दिवशी जोरदार बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो.

स्वयंपाकघरातल्या ताटात साखर पसरा, त्यावर एक जड वही ठेवा आणि ताट हळूहळू तिरकं करा. एका क्षणी वही अख्खीच्या अख्खी निसटते. हिमस्खलनात हेच होतं. वही म्हणजे वरचा घट्ट थर आणि तिला सोडवणारा धक्का म्हणजे बऱ्याचदा एका माणसाचं वजन. स्कीपटू आणि गिर्यारोहक सापडतात त्या जीवघेण्या हिमस्खलनांपैकी जवळपास ९० टक्के वेळा ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सुरू केलेलं असतं.

गुलमर्गने हे अनुभवलं आहे. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात हिमस्खलन होऊन पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. २२ फेब्रुवारी २०२४ ला पुन्हा गुलमर्गच्या वरच्या उतारांवर एक रशियन स्कीपटू गेला, त्याच्या सोबत्यांना वाचवण्यात यश आलं. दोन्ही वेळा आधीच्या दिवसांत जोरदार बर्फ पडला होता. रीलसाठी सर्वात सुंदर दिसतो तो हाच ताजा बर्फ आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वात धोक्याचे असतात.

अडकलेल्या माणसाकडे किती वेळ असतो?

हिमस्खलन थांबलं की बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो. आत अडकलेल्याला हातही हलवता येत नाही. पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर वाचणाऱ्यांचं प्रमाण फार खाली येतं, कारण श्वास कोंडतो.

एवढ्या वेळात पोलीस, लष्कर किंवा हेलिकॉप्टर पोहोचणं जवळपास अशक्य. म्हणजे वाचवू शकतात ते फक्त सोबतचे लोक. म्हणून प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यातच:

• बीकन (ट्रान्सीव्हर): छातीला बांधायचं यंत्र. ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत सिग्नल पाठवतं. कुणी गाडलं गेलं तर बाकीचे आपली यंत्रं ‘शोध’ मोडवर टाकून त्याचा माग काढतात.
• प्रोब: घडीची लांब काठी. बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे आणि किती खोल आहे ते कळतं.
• फावडं: हाताने हा बर्फ खणता येत नाही.

यातली एक जरी वस्तू नसेल तर बाकी दोन जवळपास निरुपयोगी. आणि मोबाइलवाल्यांसाठी खास सूचना: फोन, गोप्रो, इअरबड्स बीकनच्या सिग्नलमध्ये व्यत्यय आणतात. चढताना ते बीकनपासून किमान २० सेंटिमीटर आणि शोध घेताना किमान ५० सेंटिमीटर लांब हवेत. म्हणजे छातीच्या खिशात बीकनला चिकटून फोन ठेवायचा नाही.

निघण्याआधी बुलेटिन वाचायचं

भारतात हिमस्खलनाचा अंदाज देण्याचं काम डीआरडीओची ‘डीजीआरई’ ही संस्था करते. पूर्वी तिचं नाव ‘सासे’ होतं. जिल्हा आणि उंचीनुसार धोक्याची पातळी सांगितली जाते. जगभरात त्यासाठी १ ते ५ अशी श्रेणी वापरतात.

इथे एक गैरसमज आहे. ५ पैकी ३ म्हणजे “मध्यमच की” असं वाटतं. प्रत्यक्षात ३ म्हणजे ‘लक्षणीय’ धोका, एका स्कीपटूच्या वजनानेही उतार सुटू शकतो. शिवाय ४ आणि ५ ला लोक घरीच थांबतात, ३ ला मात्र निघतात. म्हणून युरोपातले कित्येक अपघात याच पातळीवर होतात.

सव्वातीनशे मीटरवरून थेट चार हजारांवर

नागपूरहून विमान पकडून श्रीनगर, तिथून गुलमर्ग आणि दुसऱ्या सकाळी गंडोलाने अफरवट. चोवीस-तीस तासांत साडेतीन हजार मीटरपेक्षा जास्त उंची. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणं. ती दिसली की आणखी वर जायचं नाही. त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं. साधारण नियम असा की ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये.

आणखी दोन गोष्टी सपाटीवरच्या माणसाला माहीत नसतात. एक म्हणजे सुती कपडे. चढताना घाम येतो, सुती बनियन तो धरून ठेवतं आणि थांबल्यावर अंग गारठतं. आतून लोकरीचा किंवा सिंथेटिक कपडाच हवा. दुसरी गोष्ट ऊन. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. चष्मा नसेल तर थंडीतही डोळे भाजतात.

सुरुवात करायची असेल तर?

स्की टूरिंग ही पहिली पायरी नाही. आधी साधं स्कीइंग यायला हवं. गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था या सरकारी संस्था स्कीइंगचे कोर्स घेतात. औलीतही हंगामात वर्ग चालतात. त्यानंतर हिमस्खलन सुरक्षेचं प्रशिक्षण आणि मगच स्थानिक गाईडसोबत पहिलं छोटं शिखर.

शरीराची तयारी मात्र घरूनच होते. आदाशाच्या टेकडीवर पाठीला आठ-दहा किलोचं ओझं घेऊन न थांबता अनेक फेऱ्या, सुट्टीत चिखलदरा किंवा पचमढीच्या १,३५० मीटर उंच धूपगडासारखी लांब चढाई. मांड्या आणि दम तयार असेल तर बर्फात लक्ष वाटेकडे देता येतं.

माथा पन्नास मीटरवर असताना

स्की टूरला निघणारे गट सकाळीच ‘परत फिरायची वेळ’ ठरवतात. समजा दुपारी १ वाजता. एक वाजला की माथा समोर दिसत असला तरी मागे वळायचं. कारण दमलेल्या माणसाला “एवढं आलोच आहोत तर” हा विचार हमखास गाठतो. सुट्टी संपत आलेली, हजारो रुपये खर्च झालेले, घरी सगळ्यांना सांगून आलेलो आणि फोटो अजून बाकी. कळमेश्वरहून गेलेल्या माणसावर तर हा दबाव जास्तच, कारण पुन्हा कधी येणं होईल याची खात्री नसते.

वाटेत आजूबाजूचा एखादा उतार नुकताच सुटलेला दिसला, पायाखालून ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून बर्फाला तडे जाताना दिसले, तर घड्याळ बघायचीही गरज नाही. तो थर बसत असल्याचा इशारा आहे. तिथूनच, आलेल्या वाटेने परतायचं. असा परतीचा व्हिडिओ कुणी रीलवर टाकत नाही, पण तो निर्णय घेणारा गट संध्याकाळी गुलमर्गच्या टपरीवर एकत्र कहवा पीत बसलेला असतो.